अवघडपणाचा ठाव : जुन्या व्हिडिओ-खेळांच्या पुनर्भेटीनिमित्त

अंबाजोगाईला जपून ठेवलेली दासोपंतांची पासोडी प्रथम पाहिली तेव्हा ती वाचायची कशी, हाच प्रश्न पडला होता. पंचीकरणासारखा जड विषय सोळाव्या शतकातल्या या कवीने कापडाच्या लांबलचक पट्टीवर लिहून काढला. कापड अंथरल्याखेरीज संहिता उलगडत नाही, आणि अंथरले की ती एका नजरेत मावत नाही. वाचणाऱ्याला जागचे उठून सरकावे लागते. पुढे न. शे. पोहनेरकरांनी संपादिलेली छापील ‘पासोडी’ हाती आली. ओव्या त्याच होत्या, पण आता त्या मांडीवरच्या पुस्तकात होत्या, हवे ते पान उघडावे, कंटाळा आला की खूण घालून मिटावे. विषयाचा जडपणा तेवढा शिल्लक राहिला, कापडाचा गेला. दासोपंतांनी हेतुतः घातलेला अवघडपणा कोणता आणि पासोडीच्या पासोडीपणातून आलेला कोणता, हे तेव्हा नीट सांगता आले नसते. आजही ते सर्वस्वी सांगता येईल असे नाही.

हा जुना प्रश्न अलीकडे एका अनपेक्षित ठिकाणी पुन्हा समोर आला. ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ हा १९८९ सालचा संगणकीय खेळ जवळजवळ तीस वर्षांनी पुन्हा खेळून पाहिला. आमच्या पिढीच्या स्मरणात हा खेळ अतिशय देखणा आणि तितकाच छळवादी म्हणून राहिलेला आहे. जानेवारी २०१५ मध्ये ‘इंटरनेट आर्काइव्ह’ने जुन्या डॉस प्रणालीवरचे सुमारे २,४०० खेळ खुले केले, त्यांत तोही होता. जुन्या यंत्राची हुबेहूब नक्कल करणारे एम्युलेटर आता साध्या संगणकावरही चालतात. त्यांपैकी कित्येकांत खेळ कोणत्याही क्षणी गोठवून ठेवता येतो, आणि चूक झाली तर ध्वनिफितीसारखा मागेही नेता येतो. एकेकाळी जेथे महिनोन्‌महिने अडून राहिलो होतो ती जागा या सोयीमुळे वीस मिनिटांत ओलांडली. आनंद झाला, पण तो ओलांडण्याचा नव्हता. आणि जे पाहिले ते पूर्वी पाहिलेलेच होते की काय, अशी शंका मनात राहिली. या शंकेचा माग काढणे एवढाच प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

मराठी समीक्षेला अवघडपणाचा विचार नवा नाही. मर्ढेकरांच्या ‘काही कविता’ १९४७ साली प्रसिद्ध झाल्या आणि ‘दुर्बोधता’ हा शब्द आपल्या वादांत कायमचा वस्तीला आला. त्याही मागे गेले तर श्रीहर्षाने ‘नैषधीयचरिता’त आपण काही गाठी मुद्दामच घातल्या असल्याचे सांगून ठेवले आहे, आणि गणेशाची लेखणी थबकावी म्हणून व्यासांनी महाभारतात कूटश्लोक पेरल्याची कथा सर्वांना ठाऊक आहे. मोरोपंतांनी ओष्ठ्य वर्ण टाळून रामायण रचले तेव्हा अडचण कवीने स्वतःवर ओढवून घेतली होती. वाचकाच्या वाट्याला तिचे कौतुक तेवढे आले. मात्र या सगळ्या चर्चेत एक गोष्ट गृहीत धरलेली दिसते : अवघडपणा हा कृतीचा गुण (किंवा दोष) असून तो संहितेतच असतो. वाचक बदलला, प्रत बदलली, वाचण्याची परिस्थिती बदलली, तर त्याचे काय होते याकडे आपण फारसे पाहिले नाही. व्हिडिओ-खेळ या बाबतीत उपयोगी पडतात, कारण तेथे अवघडपणा नुसता जाणवत नाही, तो घडतो. वाचकाला कविता कळली नाही तरी पान उलटता येते. खेळणाऱ्याला खेळ जमला नाही तर पुढचे पान उघडतच नाही. एस्पेन आर्सेथ यांनी १९९७ साली ‘सायबरटेक्स्ट’ या ग्रंथात अशा संहितांसाठी ‘श्रम’ आणि ‘मार्ग’ या दोन ग्रीक शब्दांवरून एक संज्ञा घडवली. श्रम करून वाट काढल्यावाचून जी संहिता पुढे सरकत नाही, ती या वर्गातली. कापडावरची पासोडी मला या वर्गाच्या सीमेवर कोठेतरी दिसते.

‘प्रिन्स ऑफ पर्शिया’च्या निर्मितीचा इतिहास चांगला नोंदलेला आहे. जॉर्डन मेक्नर यांनी त्या काळात लिहिलेली रोजनिशी पुढे प्रसिद्ध झाली, आणि हरवलेली मूळ आज्ञावली २०१२ साली त्यांच्या वडिलांना सापडल्यावर तीही खुली करण्यात आली. तेव्हा एखाद्या कवीची कच्ची वही हाती लागावी तशी ही सामग्री आज अभ्यासकाला उपलब्ध आहे. मेक्नर यांनी आपल्या धाकट्या भावाला, डेव्हिडला, पांढरे कपडे घालून धावायला, उडी मारायला, कठड्याला लोंबकळायला लावले. त्याचे चित्रीकरण केले. आणि त्यातली एकेक चौकट गिरवून नायकाची हालचाल तयार केली. तलवारबाजीसाठी १९३८ च्या ‘रॉबिन हूड’ चित्रपटातले एरॉल फ्लिन आणि बॅझिल रॅथबोन यांचे द्वंद्व आधाराला घेतले. संगीत वडिलांचे, फ्रान्सिस मेक्नर यांचे. खेळ ज्या अ‍ॅपल-टू यंत्रासाठी लिहिला जात होता त्याची स्मृती इतकी तोकडी होती की नव्या प्रतिस्पर्ध्याची चित्रे ठेवायला जागाच उरली नाही. तेव्हा मेक्नर यांनी नायकाचीच चित्रे किंचित सरकवून, रंग उलटवून पडद्यावर आणली, आणि त्यातून खेळातली सर्वांत अर्थगर्भ व्यक्तिरेखा जन्माला आली : नायकाची छाया. छंदाच्या अडचणीतून प्रतिमा सुचावी, असाच हा प्रकार आहे.

त्या हालचालीचे सौंदर्य शब्दांत सांगणे कठीण नाही. त्या काळच्या इतर खेळांतल्या बाहुल्या कळ दाबताच उडत, हवेत दिशा बदलत, जमिनीवर टेकताक्षणी थांबत. हा राजपुत्र तसे करीत नाही. तो धावायला लागला की आधी अंग पुढे झुकते, थांबायचे झाले तर पाय घसरत थांबतात, वळायचे झाले तर देहाचा तोल एका पायावरून दुसऱ्यावर जातो. उडी एकदा सुरू झाली की ती पुरी झाल्यावाचून दुसरे काही होत नाही. मर्ढेकरांनी लयीचे संवाद, विरोध आणि समतोल असे जे तीन नियम सांगितले, त्यांतला समतोल येथे डोळ्यांना दिसतो आणि बोटांना जाणवतो.

आणि अवघडपणाही नेमका येथेच आहे. देहाला वजन आहे म्हणून तो देखणा आहे. देहाला वजन आहे म्हणूनच तो आपले ऐकत नाही. कळ दाबणे आणि कृती होणे यांत चौकटींचे अंतर पडते. काठापासून नेमके किती पाऊल अलीकडे कळ दाबली तर उडी पलीकडच्या कठड्यापर्यंत पोचेल, हे शिकल्याखेरीज पहिला मोठा खड्डाही ओलांडता येत नाही. चौकटी कमी केल्या असत्या तर खेळ सोपा झाला असता आणि राजपुत्र पुन्हा बाहुली झाला असता. सौंदर्य आणि अवघडपणा ही दोन अंगे येथे नाहीतच. एकाच गोष्टीकडे एकदा डोळ्यांनी आणि एकदा बोटांनी पाहिले की तिची ही दोन नावे होतात. रा. भा. पाटणकरांच्या ‘सौंदर्यमीमांसे’तल्या लौकिकतावादी आणि अलौकिकतावादी या दोन टोकांच्या भाषेत बोलायचे तर, येथे पाहणारा तटस्थ राहूच शकत नाही, पण खड्ड्यात पडून मेलेल्या राजपुत्राच्या देहाची शेवटची चौकट इतकी रेखीव असते की, चडफडतानाही क्षणभर तो तटस्थ होतो. या क्षणभराच्या तटस्थतेला आपल्या परिभाषेत काय म्हणावे, हे मी अजून ठरवू शकलेलो नाही.

येथवरचे विवेचन अमेरिकेतल्या किंवा पुण्यातल्या खेळणाऱ्यालाही मान्य व्हावे. बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, नव्वदच्या दशकात, महाविद्यालयाच्या संगणक-कक्षात हा खेळ जसा पोचला तसा तो पाहू लागलो म्हणजे मात्र गुंता वाढतो. खेळ आला तो एका फ्लॉपीवर, प्रतीच्या प्रतीची प्रत होऊन. सोबतची पुस्तिका आली नाही. आता या पुस्तिकेचे महत्त्व असे की, डॉसवरच्या आवृत्तीत पहिली पातळी संपल्यावर एक विचित्र दालन लागते. तेथे बाटल्यांच्या ओळी असतात आणि प्रत्येकीवर एक अक्षर. पुस्तिकेच्या अमुक पानावरील, अमुक ओळीतील, अमुक शब्दाचे आद्याक्षर ज्या बाटलीवर असेल ती प्यावी, असा आदेश येतो. विकत न घेता खेळणाऱ्याला पकडण्यासाठी लावलेला हा सापळा होता. आमच्या प्रतीत तो कोणीतरी निकामी केलेला होता, कोणतीही बाटली चालत असे. पण दालन तसेच राहिले होते. आम्ही त्याचा अर्थ लावत बसलो. अक्षरांतून एखादे नाव तयार होते काय, येथे आधी काही दान करावे लागते काय, अशा तर्कांत कित्येक दुपारी गेल्या. मूळ संहितेतला जो भाग केवळ व्यापारी बंदोबस्ताचा होता तो आमच्यापुरता कूट झाला. अर्थशून्य जागेचा इतका मनापासून अर्थ लावलेला मी पुढे काही शोधनिबंधांतच पाहिला.

दुसरी अडचण पडद्याची. खेळात रंगीत पडद्यावर बाटलीतून निघणारे बुडबुडे लाल असले तर जीव भरतो, निळे असले तर विष. कक्षातले पडदे एकरंगी होते. म्हणजे मेक्नर यांनी जेथे खूण ठेवली होती तेथे आम्हांला नशीब दिसत होते, आणि हा खेळ निर्घृण आहे असा आमचा समज त्यामुळे दृढ झाला. लेखनिकाने अनुस्वार गाळावा आणि भाष्यकाराने त्या गाळलेल्या अनुस्वारातून सिद्धान्त काढावा, असेच हे झाले.

तिसरी अडचण विजेची. सत्तरच्या दशकापासून परळीचे औष्णिक वीज केंद्र याच जिल्ह्यात असूनही वीज जाणे हा आमच्या दिवसाचा नित्य भाग होता. खेळात साठ मिनिटांची मुदत आहे. तेवढ्या अवधीत राजकन्येला सोडवायचे. काही पातळ्यांनंतर खेळ साठवून ठेवता येत असे, पण उरलेला वेळही त्याबरोबर साठवला जाई, त्यामुळे गमावलेली मिनिटे परत मिळत नसत. वीज गेली की कक्षात एकच हाय उठे. कोणाचे किती गेले, यावर पायऱ्यांवर बसून चर्चा चाले, आणि त्या चर्चेत खेळ पुन्हा सांगितला जाई : कोणत्या दालनानंतर कोणते, कोठली फरशी पाय ठेवताच निसटते, कोठे पाते वरून येते. आम्हांपैकी बीडची खजाना विहीर पाहिलेले एक-दोघे होते. निजामशाहीच्या काळातल्या त्या विहिरीचे पाणी जमिनीखालच्या कालव्यातून वाहते. राजपुत्राच्या तळघरांची कल्पना आम्ही तिच्यावरूनच करीत असू. पर्शिया म्हणजे काय, हे कोणालाही नीट ठाऊक नव्हते. तरीही १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात राहिलेल्या या मुलखाच्या तोंडी फारसीतून आलेले शब्द इतके मुरलेले आहेत की, वजीर आणि शहजादी यांना आम्ही परके मानले नाही. अमेरिकन लेखकाने कल्पिलेली पौर्वात्य नगरी एडवर्ड सईद यांच्या दृष्टीने पाहिली तर तिच्यात आक्षेपार्ह पुष्कळ सापडेल. पण ती आमच्या हाती आल्यावर एका विहिरीचे भुयार झाली होती, हेही नोंदवावे लागेल.

पाठभेदांचे प्रकरण तर खास आपल्या परंपरेला शोभणारे आहे. खेळ सुरू करताना त्याच्या नावापुढे एक गुप्त शब्द लिहिला की अनेक मर्यादा सैल होतात, हे कोठून तरी कळले. एक मित्र शपथेवर सांगे की तो शब्द ‘मेगाहिट’. दुसरा म्हणे ‘इम्प्रूव्हड’. दोघांचीही खात्री, दोघांचाही अनुभव, आणि म्हणून भांडण. आज कळते की दोघेही खरे बोलत होते. पहिला शब्द सुरुवातीच्या आवृत्तीचा, दुसरा नंतरच्या. दोघांच्या फ्लॉप्या दोन निरनिराळ्या कुळांतल्या होत्या. राजवाड्यांना बीडच्या पाटांगणावर ज्ञानेश्वरीची जी पोथी मिळाली आणि जिच्या आधारे त्यांनी १९०९ साली आपली संहिता प्रसिद्ध केली, तिच्या भाषेचा जुना, अवघड तोंडवळा हाच त्यांच्या मते तिच्या अस्सलपणाचा मोठा पुरावा होता. पाश्चात्त्य पाठचिकित्सेतही, दोन पाठांपैकी अधिक अवघड तो अधिक विश्वसनीय, असे एक जुने सूत्र आहे. कारण नकलणारा सोपे करीत जातो, अवघड सहसा करीत नाही. खेळांच्या बाबतीत हे सूत्र बरेचसे लागू पडते. ‘प्रिन्स’ची २००७ साली नव्या चित्रांसह आवृत्ती निघाली तेव्हा दालनांचे आराखडे जुनेच ठेवून नायकाच्या हालचालींत भर घालण्यात आली. पण त्याला अपवादही आहे. १९९२ साली जपानी घरगुती यंत्रासाठी निघालेल्या आवृत्तीत बाराच्या वीस पातळ्या आणि साठ मिनिटांची एकशेवीस झाली. नकलणाऱ्याने ग्रंथ वाढवल्याची उदाहरणे आपल्याकडेही काही कमी नाहीत.

महाविद्यालयाच्या कक्षाबाहेर, बाजारात, वेगळेच जग होते. तेथे निंटेंडोच्या घरगुती यंत्राच्या नकला दूरचित्रवाणी संचाला जोडून पार्लरे चालत. कॅसेटीवर लाखो खेळ असल्याचा दावा छापलेला असे आणि आत मोजकेच खेळ फिरून फिरून येत. या खेळांतल्या अवघडपणाचे मूळ बहुतांशी नाण्यात आहे. नाणे टाकून चालणाऱ्या मोठ्या यंत्रांत खेळणारा काही मिनिटांत हरला नाही तर मालकाचे नुकसान होई. म्हणून त्याला हरवणे ही रचनेची पहिली अट होती. कॅपकॉमच्या १९८५ सालच्या ‘घोस्ट्स अँड गॉब्लिन्स’मध्ये तर सगळा खेळ जिंकल्यावर सांगण्यात येते की हे सर्व सैतानाचे मायाजाल होते, आता पुन्हा आरंभापासून या. नाण्याच्या अर्थशास्त्रातून आलेला हा मायावाद मुकुंदराजांच्या अंबाजोगाईत वाढलेल्या माणसाला गमतीदार वाटल्यावाचून राहत नाही.

बीडच्या पार्लरात मात्र नाणे नव्हते. पैसे वेळेवर घेतले जात. त्यामुळे हरल्याने खर्च वाढत नसे. हरले की रिमोट दुसऱ्याच्या हाती द्यावा लागे, इतकेच. यंत्र जपानचे, अवघडपणा अमेरिकी आणि जपानी नाण्यांनी घडवलेला, आणि त्याचा अर्थ ठरवणारा आमचा पाळीचा नियम. एकाच कृतीचा अवघडपणा एका ठिकाणी दंड होता, दुसऱ्या ठिकाणी वाटणीचे माप होता. ‘काँट्रा’ हा कोनामीचा खेळ पाहायला भोवती दहाजण उभे असत. वर-वर, खाली-खाली, डावे-उजवे, डावे-उजवे आणि मग दोन कळा, या क्रमाने तीस जीव मिळतात ही विद्या तोंडोतोंडी चाले. तो क्रम मुळात १९८६ साली ‘ग्रेडियस’ या खेळाच्या घरगुती आवृत्तीवर काम करताना काझुहिसा हाशिमोतो यांनी घातला होता, कारण तपासताना तो खेळ त्यांनाच जमेना. कर्त्याने आपल्याच अवघडपणातून स्वतःसाठी काढलेली ही पळवाट होती. ती खेळात राहून गेली आणि जगभर मंत्रासारखी पसरली.

येथे एका गोष्टीचा उल्लेख टाळता येत नाही. आमच्या वर्गातला एक मुलगा ‘काँट्रा’त सर्वांत वाकबगार होता. दिवाळी झाली की तो आईवडिलांबरोबर ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात जाई आणि पाडव्याच्या सुमारास परते. त्या खेळात शत्रू ठरलेल्या जागी, ठरलेल्या क्रमाने येतात. म्हणजे तो खेळ चपळाईचा दिसतो, पण निम्म्याहून अधिक पाठांतराचा आहे. हा मुलगा पाच महिन्यांनी परत येई तेव्हा बोटे जड झालेली असत, पण धबधब्याच्या पातळीतला एकेक दगड त्याला मुखोद्गत असे. फडावर रात्री धाकट्या भावाला तो खेळ सांगत असे, असे त्याने एकदा सांगितले. भावाने तोवर तो खेळ पाहिलेला नव्हता. यंत्रात खेळ साठवण्याची सोय नव्हती, ती या मुलाने स्मरणात केली होती. बाकीचे आम्ही त्या महिन्यांत सराव करून त्याच्या पुढे गेलो, याचे तेव्हा आम्हांला काहीच वाटले नाही. अवघडपणाला पुरून उरायला वेळ लागतो, आणि वेळ सर्वांना सारखा मिळालेला नसतो. पार्लरात मुली नव्हत्या, हेही येथेच लिहिले पाहिजे. वर ‘आम्ही’, ‘आमचे’ असे जे वारंवार म्हटले आहे त्याची व्याप्ती एवढीच आहे.

तेव्हा अवघडपणाचे दोन वर्ग करून मोकळे व्हावे, एक कृतीचा अंगभूत आणि दुसरा बाहेरून लादलेला, असा मोह होतो. या वर्गवारीला एक उत्तम उदाहरणही आहे. १९९४ साली वेस्टवुड स्टुडिओने केलेला ‘द लायन किंग’ हा खेळ चित्रांच्या दृष्टीने त्या काळातला अत्यंत सुंदर खेळ. डिस्नेच्या चित्रकारांचा त्याला हात लागलेला होता. पण दुसऱ्याच पातळीत माकडांच्या फेकाफेकीचे एक कोडे येते आणि तेथे मुलांची एक सबंध पिढी अडकली. कर्त्यांपैकी लुई कॅसल यांनी पुढे सांगितले की, ती पातळी डिस्नेच्या सांगण्यावरून ऐनवेळी अवघड करण्यात आली. खेळ भाड्याने नेऊन दोन दिवसांत संपवणारा ग्राहक तो विकत घेणार नाही, ही भीती त्यामागे होती. हा अवघडपणा काढून टाकला तर चित्रांचे काहीच बिघडत नाही. उलट ती अधिक मोकळेपणाने दिसतात. येथे एम्युलेटरची मागे नेण्याची सोय मला संपादकाच्या न्याय्य दुरुस्तीसारखी वाटते, आणि ती वापरताना मनाला काही टोचले नाही.

‘प्रिन्स’मध्ये तीच सोय वापरली तेव्हा मात्र काहीतरी खरोखर नाहीसे झाले. चुकीची उडी मागे घेता येऊ लागली की उडीपूर्वीचे ते थबकणे जाते. काठावर उभा राहून अंतर जोखणारा राजपुत्र, म्हणजे काठावर उभे राहून अंतर जोखणारे आपण. त्या एका क्षणासाठी सगळे चित्रण केलेले होते. हालचाल तीच राहिली, तिचे वजन गेले. आणि तरीही, कक्षातल्या एकरंगी पडद्याचा, हरवलेल्या पुस्तिकेचा, गेलेल्या विजेचा अवघडपणा कृतीबाहेरचा म्हणून सोडून द्यावा म्हटले, तर पायऱ्यांवर बसून सांगितलेला खेळही सोडून द्यावा लागतो. माझ्या लेखी खेळाचे निम्मे सौंदर्य तेथे होते. वर्गवारी तत्त्वतः बरोबर आहे. इतिहासात ती टिकत नाही. त्या अडचणींची आठवण गोड झाली म्हणून अडचणी चांगल्या ठरत नाहीत, हे खरेच. फडावर गेलेल्या मुलाला तसे कोणी सांगू धजणार नाही.

पुनर्भेटीचा प्रश्न केवळ स्मरणरंजनाचा नाही, हे सांगायला एक आकडा पुरेसा आहे. अमेरिकेतल्या ‘व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन’ने २०२३ साली केलेल्या पाहणीनुसार, २०१० पूर्वी तेथे प्रसिद्ध झालेल्या खेळांपैकी ८७ टक्के खेळ आज बाजारात मिळत नाहीत. उरतात त्या हौशी मंडळींनी जपलेल्या, बहुधा अनधिकृत प्रती. पोथ्यांच्या बाबतीत मठांनी आणि घराण्यांनी जे केले तेच. या प्रती चालवायला एम्युलेटर लागणारच, आणि एम्युलेटर आला की सोय येणारच. छापील ‘पासोडी’ नको होती असे मी म्हणणार नाही. तिच्यावाचून मला पंचीकरणातले अक्षर कळले नसते. पण छापील प्रतीवरून पासोडीच्या रचनेबद्दल मत देणाऱ्याने एकदा तरी ते कापड अंथरलेले पाहिले असावे, एवढी अपेक्षा मी विद्यार्थ्यांकडून करतो. जुन्या खेळांवर लिहू पाहणाऱ्यांकडूनही तीच राहील. प्रबंधासाठी मागे नेण्याची कळ जरूर वापरावी. मात्र निदान एक पातळी तिच्यावाचून खेळलेली असावी, आणि कोणती पातळी कशी खेळली हे लिहावे. पाठचिकित्सेत आपण कोणती प्रत पाहिली हे सांगतोच.

‘प्रिन्स’मधली एक जागा या सोयीला मुळीच दाद देत नाही. चौथ्या पातळीत एक आरसा वाटेत उभा राहतो. त्याच्यातून धावत उडी मारावी लागते, आणि त्या क्षणी नायकाची छाया दुसऱ्या बाजूने निघून जाते. पुढे ती त्याच्या वाट्याची बाटली पिते, त्याच्या तोंडावर दार लावते. आणि बाराव्या पातळीत तलवार घेऊन समोर ठाकते. तिच्यावर घाव घातला की आपलाच जीव कमी होतो. कक्षात आम्ही येथे अनेक आठवडे मरत होतो. बोटे तरबेज झाली होती, पण उपयोग नव्हता, कारण येथे अडचण बोटांची नाही. अखेर एकाचे बोट चुकून खालच्या बाणावर पडले आणि राजपुत्राने तलवार म्यान केली. समोरच्या छायेनेही केली. दोघे पुढे झाले आणि एक झाले. तो मित्र काही क्षण कळफलकाला हात लावायला तयार नव्हता.

या वेळी मागे नेण्याची सोय हाताशी असताना मी मुद्दाम दहा-बारा वेळा छायेशी लढून पाहिले. प्रत्येक वेळी मेलो, मागे गेलो, पुन्हा मेलो. मग तलवार म्यान केली. त्यानंतर पुढे वाट दिसत नाही. फरशी संपते आणि खाली पोकळी असते. आम्हांला तेव्हा कोणी सांगितलेले नव्हते, आणि पडद्यावरही काही लिहून येत नाही. धावत त्या पोकळीवर पाऊल टाकले की पायाखाली एकेक फरशी उमटत जाते. ती आहे हे आता मला ठाऊक होते, तरीही कडेशी येऊन मी थांबलो.